लेकीने व्हरमाँटला चूल मांडलीय

नमस्कार. मी खारेगावला राहते, वय ६१. माहेर जुन्नरकडचं. माझ्या आईने जन्मभर ओली-सुकी लाकडं फुंकली. तिचे डोळे गेले आणि छातीचा भाता झाला. मी लग्न होऊन ठाण्यात आले ती गॅसच्या घरात, आणि तेव्हाच ठरवलं की माझ्या मुलीच्या वाट्याला चूल येऊ द्यायची नाही. आता हीच मुलगी, कॉम्प्युटर इंजिनिअर, अमेरिकेत व्हरमाँटला जंगलाच्या कडेला घर घेऊन लाकडं जाळतेय. विजेवर घर तापवणारा हीट पंप आहे म्हणे, पण थंडीत सगळा भर लाकडाच्या स्टोव्हवर. संक्रांतीच्या सुमाराला तिचं बाळंतपण आहे. आम्ही दोघं डिसेंबरात तीन महिन्यांसाठी चाललोय. तान्ह्या बाळाच्या घरात धूर! बंद कर म्हणून सांगू का तिला?

त्यात आमच्या ह्यांचं वेगळंच. वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला ३४ वर्षं काढली, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. जावई फोनवर म्हणाले, "बाबा या, आपण दोघं मिळून लाकडं कापू." तेव्हापासून दिवसभर चेनसॉचे, म्हणजे त्या साखळीच्या यांत्रिक करवतीचे, व्हिडिओ. काही बोललं की म्हणतात, मशीनला घाबरणारा मी नव्हे.

बाळंतिणीच्या सामानाची यादी सोबत जोडलीय, काही राहिलं असेल तर सांगा. आणि एक, हसू नका, त्या स्टोव्हमध्ये वांगं भाजता येतं का?

– एक आई, खारेगाव

* * *

ताई, मी यादी आधी वाचली आणि पत्र नंतर, त्यामुळे माझी गंमत झाली. अळीव, डिंक, खारीक, बाळंतशेपा, जुन्या धोतराचे लंगोट, सगळं यथासांग. आणि अगदी शेवटी, बहुधा नंतर आठवल्यासारखं, 'धुरीसाठी ऊद, ओवा, वावडिंग, लसणाची सालं. कोळशाची छोटी शेगडी तिकडे मिळेल का?'

म्हणजे दार बंद असलेल्या, धुराडं छपराबाहेर काढलेल्या स्टोव्हला तुमचा विरोध, आणि बाळाच्या पाळण्याखाली उघडा विस्तव ठेवायची तयारी! रागावू नका. माझ्या आईनेही हेच केलं. आम्हा तिन्ही भावंडांना धुरी दिलेली आहे. पण बाळाच्या नाकात नेमका कुठला धूर जाणार ते बघायला गेलं तर धुरीचाच. तो मुद्दाम बाळासाठीच केलेला असतो. शेगडीचं तर नावच काढू नका. तिकडची घरं थंडी आत येऊ नये म्हणून फटी बुजवून बांधलेली असतात. अशा घरात कोळसा धुमसत ठेवला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास ना रंग. खोकलासुद्धा येत नाही, गुंगी येते. तेव्हा यादीत काय राहिलंय याच्याआधी काय काढायचं ते सांगते. शेगडी काढा, ऊद काढा. ओवा आणि बाळंतशेपा लेकीच्या पोटात जाऊ द्या. शेकायला गरम पाण्याची पिशवी पुरे, तीही लेकीच्या कमरेला. तान्ह्या बाळाला थंडीइतकाच उकाडाही वाईट, त्यामुळे स्टोव्ह धगधगत असताना वर आणखी दोन दुपटी गुंडाळू नका.

आता तुमच्या आईची चूल. त्या धुराला घराबाहेर जायला वाटच नव्हती. कौलांच्या फटीतून जाईल तेवढा जायचा, उरलेला माणसांच्या छातीत. वर्ध्याच्या मगनवाडीत धुराड्याची मगन चूल निघाली ती याच्यावर उपाय म्हणून. पण आपल्या किती आयांनी ती पाहिली? उज्ज्वला योजनेचा सिलिंडर यायलाही २०१६ उजाडलं. तुमचा राग मला कळतो, आणि तो जागच्या जागी आहे. फक्त तो लेकीच्या स्टोव्हवर काढण्याआधी ती वस्तू काय आहे ते बघा.

बिडाची किंवा जाड पोलादाची पेटी. दाराला काच, कडेने दोरीसारखं सील. हवा आत यायला एक पट्टी असते, ती मागेपुढे सरकवून जाळ कमी-जास्त करायचा. धुराडं तापलं की ते आतली हवा वर ओढतं आणि धूर खोलीत येण्याऐवजी छपरावर जातो. आपला तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत जाळ, वर तोंड. तोच प्रकार, फक्त बंबाने पाणी तापायचं आणि याने घर तापतं.

धूर म्हणजे काय, तर जळायचं राहून गेलेलं लाकूड. लाकूड तापलं की त्यातून आधी वायू सुटतात. ते पेटले तर ज्वाळा, नाही पेटले तर धूर. चांगल्या स्टोव्हमध्ये वरच्या बाजूने गरम हवा सोडून हे वायू पुन्हा जाळून घेतात. अमेरिकेत १५ मे २०२० पासून नव्या स्टोव्हला बंधन आहे, तासाला २ ग्रॅमपेक्षा जास्त कण सोडायचे नाहीत, आणि चाचणी खऱ्याखुऱ्या फोडलेल्या लाकडावर झाली असेल तर अडीच. स्टोव्हच्या मागे धातूची पट्टी असते, त्यावर हे छापलेलं असतं. लेकीला एक फोटो पाठवायला सांगा. तिच्या घराबरोबर आलेला स्टोव्ह चाळीस वर्षांचा असेल, तर मात्र मी तुमच्या बाजूने. या थंडीत हीट पंपावर भर द्या आणि स्टोव्ह राखून ठेवा, असंच मी सांगेन.

पण स्टोव्ह कितीही नवा असला तरी सगळा खेळ लाकडाच्या ओलीवर आहे. नौपाड्यात आमच्या घरामागे लाकडाची वखार होती. लाकूड वजनाने मिळायचं, म्हणून वखारवाला संध्याकाळी ढिगावर बादल्या ओतायचा. सकाळी माझी आई दोन ढलप्या उचलून एकमेकींवर आपटायची. ठण्ण वाजलं तर तराजूत टाकायची. धप्प वाजलं तर परत ढिगावर भिरकावून म्हणायची, "हे तुमच्या घरच्या बंबाला ठेवा." त्या वखारवाल्याने आईला कधी फसवलं नाही. आमच्या शेजारणींना मात्र रोज.

ताज्या तोडलेल्या लाकडात कधी कधी निम्मं वजन पाण्याचंच असतं. ते पेटवलं की आधी पाणी उकळत बसतं, टोकांतून फेस येतो, सूं सूं आवाज येतो. भट्टी तापत नाही, वायू पेटत नाहीत, सगळा धूर होतो. तो गार धूर वर जाताना धुराड्याला आतून डांबरासारखा चिकटतो. क्रिओसोट म्हणतात त्याला. थर साठत गेला की एखाद्या दिवशी तोच पेट घेतो. मग धुराड्यातून आगगाडी गेल्यासारखा आवाज येतो आणि अग्निशमन दलाला बोलवावं लागतं. तुमच्या आईच्या डोळ्यांतलं पाणी आणि हे डांबर, दोन्हींचं मूळ एकच, ओलं लाकूड.

म्हणून लेकीला 'बंद कर' सांगण्याऐवजी एवढंच विचारा, की लाकूड फोडून कधी रचलंय? 'गेल्या वर्षी' म्हणाली तर तुम्ही निवांत झोपा. 'ऑक्टोबरात ट्रक आला' म्हणाली तर पुढचा प्रश्न विचारा. तिकडे लाकूड वजनाने नाही, मापाने विकतात. चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब अशी रास म्हणजे एक कॉर्ड, १२८ घनफूट. मापाने विकलं तर पाणी मारून फायदा नाही, हे खरं. पण वाळलेलं म्हणून ओलं गळ्यात मारणारे वखारवाले तिकडेही आहेत. मेपल, बर्च फोडून रचल्यावर साधारण वर्षभरात जळण्याजोगे होतात, ओकला दोन वर्षं द्यावी लागतात. आणि लागतं किती? व्हरमाँटच्या थंडीत घराला चार-पाच कॉर्ड सहज. चार कॉर्ड म्हणजे आपली दहा बाय दहाची बेडरूम भिंतीपासून भिंतीपर्यंत पाच फुटांवर भरेल, एवढा ढीग. एवढं लाकूड दोन वर्षं आधी रचून ठेवायचं म्हणजे शिस्तीचं काम आहे. ज्या मुलीची खोली तुम्ही आवरायचात, ती हे करत असेल तर मनातल्या मनात का होईना, कौतुक करा.

तपासायला आईची पद्धत आहेच. शिवाय वाळलेल्या लाकडाच्या टोकांना सूर्याच्या किरणांसारखे तडे पडतात, रंग करडा होतो, साल सुटायला लागते. त्याहून पक्कं हवं असेल तर दोन सुयांचं एक छोटं यंत्र मिळतं, ओल मोजायचं. ओंडका नव्याने फोडून आतल्या ताज्या बाजूला सुया टोचायच्या. २० टक्क्यांच्या खाली आकडा हवा. बाहेरून टोचला तर बाहेरची बाजू कोरडीच सांगणार, माणसांसारखंच. आकडा जास्त आला तर भट्टीत वाळवलेलं लाकूड विकत मिळतं. महाग असतं, पण बाळाच्या तीन महिन्यांपुरतं घ्यायला हरकत नाही. फक्त ते जवळपासचं घ्या, आणि दुसऱ्या राज्यातून गाडीत टाकून आणू नका. ॲश नावाच्या झाडाला पोखरणारा एक हिरवा भुंगा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि जळाऊ लाकडावर बसून राज्याराज्यांत पोचला. व्हरमाँटला तो २०१८ मध्ये आढळला. बाहेरून जळण आणण्यावर तिथे बंधनं आहेत ती त्याच्यासारख्या किडींमुळे.

मुलगी हे सगळं हौसेखातर करतेय असं तुम्हाला वाटतं, पण तिकडचे लोक असेच वेडे नाहीत. जानेवारी १९९८ मध्ये त्या भागात बर्फाचं वादळ झालं. पाऊस पडता पडता तारांवर गोठला, खांब कोसळले, काही ठिकाणी कित्येक आठवडे वीज नव्हती. बाहेर उणे वीस असताना हीट पंप बंद पडला तर? कळव्यात लाइट गेली की आपण गच्चीवर जाऊन बसतो. तिथे घरातले नळ फुटतात. वीज नसताना चालणारी ऊब घरात असणं बाळंतिणीच्या दृष्टीने वाईट नाही.

त्याने सगळं निर्धोक होतं, असं नाही. लाकडाचा जाळ म्हटला की थोडेफार कण आलेच, आणि ते सगळ्यात जास्त खोलीत शिरतात दार उघडताना. म्हणून दार उघडायची रीत शिकून घ्या. आधी हवेची पट्टी पूर्ण उघडायची, थोडं थांबायचं, मग दार बोटभर किलकिलं करायचं, धुराड्याने ओढ घेतली की हळूच उघडायचं. धाडकन उघडलं की भपकारा तोंडावर. दुसरं, आपल्याला मंद आचेची फार आवड. रात्री हवा पार कोंडून लाकूड धुमसत ठेवलं की सकाळपर्यंत पुरेल, असं वाटतं. तसं केलं की वाळलेलं लाकूडही ओल्यासारखं वागतं. दिवसातून एकदा अंगणात जाऊन छपराकडे बघत जा. नीट पेटलेल्या स्टोव्हच्या धुराड्यावर फक्त हवा थरथरताना दिसते, फार तर पांढरी वाफ. करडा, जड धूर खाली उतरताना दिसला तर आत येऊन खुशाल ओरडा. धुराडं थंडीच्या आधी झाडून घेतलंय का आणि झोपायच्या खोल्यांजवळ धुराचे व कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म आहेत का, हेही फोनवरच विचारून टाका. बंबात आपण दुधाच्या पिशव्या, बॉक्स, काय वाट्टेल ते घालायचो. तिथे फक्त लाकूड.

आता माझी फजिती. मी एक हिवाळा भावाकडे त्याच भागात काढलाय. राख दिसली की माझे हात शिवशिवतात, आमच्याकडे भांडी राखेनेच घासली जायची. एक दिवस भाऊ-वहिनी कामावर गेल्यावर मी स्टोव्हमधली राख काढली. वरून हात ठेवून बघितली, गार होती. पुठ्ठ्याच्या खोक्यात भरली आणि खोका मागच्या लाकडी ओट्यावर ठेवून दिला, संध्याकाळी झाडांना घालू म्हणून. विसरले. रात्री दोनला वहिनीला वास आला. खोका नव्हताच. खोक्याच्या जागी फळीला ताटाएवढं भोक, आणि कडा लाल. राखेत दबलेला निखारा दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहतो, हे मला साठाव्या वर्षी कळलं. भाऊ काही बोलला नाही. पण आजही व्हिडिओ कॉलवर तो ओटा दिसला की एक फळी वेगळ्या रंगाची दिसते. तुम्ही मात्र पत्र्याची झाकणाची बादली कुठे आहे ते पहिल्याच दिवशी विचारा, आणि ती ओट्यावर नाही, घरापासून लांब मोकळ्या जमिनीवर ठेवायची.

आणि लंगोट! ते डझनभर धोतराचे लंगोट तुम्ही कुठे वाळत घालणार, हे मला इथून दिसतंय. स्टोव्हच्या समोर खुर्ची ओढून, तिच्या पाठीवर. नको. स्टोव्हच्या चारी बाजूंनी तीन फुटांत कापड, खुर्ची, लाकडाची टोपली, काही नको. तुमचा पदर आणि तो नायलॉनचा गाऊनसुद्धा यात आला. कपडे वाळवायचा स्टँड तीन फुटांपलीकडे ठेवा, घरातली हवा इतकी कोरडी असते की तिथेही दोन तासांत वाळतात. उलट त्या कोरड्या हवेने ओठ फुटतात, म्हणून स्टोव्हवर पाण्याचं भांडं ठेवतात. पाळणा स्टोव्हच्या खोलीत ठेवू नका. बाळ रांगायला लागेपर्यंत तुम्ही परतलेल्या असाल, पण भोवतीचं जाळीचं कुंपण लावायची आठवण आत्ताच करून ठेवा.

एक गोष्ट बहुतेक कुणाच्याच लक्षात येत नाही. कळा सुरू झाल्या आणि सगळे दवाखान्यात गेले तर स्टोव्हमध्ये लाकूड कोण घालणार? पेटता ठेवून कुलूप लावून जायचं नाही, आणि घर दोन दिवस गार पडलं तर पाइप गोठतात. तेव्हा त्या आठवड्यापासून हीट पंप चालू ठेवायचा, ही गोष्ट जावयांशी आधीच बोलून घ्या. हा विषय तुम्ही काढलात तर तुम्ही चुलीविरुद्ध आहात असंही वाटणार नाही, आणि काम तर तुमच्या मनासारखंच होईल.

आता तुमचे हे.

माझं उत्तर स्पष्ट आहे. चेनसॉ त्यांच्या हातात द्यायची नाही. ते घाबरट आहेत किंवा म्हातारे झालेत म्हणून नव्हे. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर साधी जखमही लवकर थांबत नाही. ही जखम साधी नसते. आणि गार हवेत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, त्यात कुऱ्हाड चालवणं किंवा बर्फ उपसणं हृदयाला भारी पडतं. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना हे दोन शब्दांत विचारा. तुमचं ऐकणार नाहीत, डॉक्टरांचं ऐकतील.

पण एवढ्याने टूलरूमचा माणूस गप्प बसायचा नाही. त्याला त्याच्या भाषेत सांगा. लेथवर जॉब चकमध्ये आवळलेला असतो आणि मशीन जमिनीला बोल्ट केलेलं. इथे जॉब बर्फावर मोकळा पडलेला आणि मशीन हातात. साखळी सेकंदाला वीसेक मीटर पळते. साखळी ज्या पट्टीवरून फिरते तिच्या टोकाचा वरचा कोपरा कशाला टेकला की साखळी कापायच्या ऐवजी अडकते आणि सगळी मशीन तोंडाच्या दिशेने उसळते. म्हणून पुढे ब्रेकची दांडी असते, म्हणून डावा अंगठा मुठीखालून घट्ट गुंडाळायचा असतो, म्हणून खांद्याच्या वर कधी कापायचं नसतं. जावयांकडे मांड्यांवर बांधायचं ते जाड आवरण आहे का, हेही विचारा. त्यात लांब धागे भरलेले असतात. साखळी लागली की धाग्यांचा गुंता चाकात ओढला जातो आणि मशीन जागच्या जागी थांबते. आमच्या गल्लीत पावसाळ्याआधी गुलमोहर छाटायला पोरं येतात, पायात स्लिपर, डोळे उघडे, एका हाताने मशीन. खाली उभे असलेले सगळे काका मान वर करून बघत असतात, आणि प्रत्येकाला वाटतं, आपल्यालाही जमेल.

आणि सगळ्यात मोठा मुद्दा, जो तुमच्या ह्यांना लगेच पटेल. जानेवारीत कापलेलं लाकूड या थंडीत जळतच नाही. ते पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या थंडीचं. मग घाई कसली? जावयांनाही सांगा, बाळंतपणाच्या आधीचे-नंतरचे दोन आठवडे मशीनला हात नको, आणि एरवीही एकटं जंगलात जायचं नाही. त्या दिवसांत घरातला गाडी चालवणारा माणूस धडधाकट पाहिजे.

ह्यांना द्यायचं काम दुसरं आहे, आणि ते जावयांना येत असेल असं मला वाटत नाही. धार लावणं.

चेनसॉच्या दाताची एक गोष्ट त्यांना सांगा. १९४० च्या दशकात ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स म्हणून एक लाकूडतोड्या होता. तेव्हाच्या साखळ्या सतत बोथट व्हायच्या, बराच वेळ कानस मारण्यात जायचा. एकदा त्याला एका बुंध्यात अळी दिसली, लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची. ती डावीकडून उजवीकडे जबडा फिरवत रेषेच्या दिशेने आणि रेषेला आडवं, कसंही लाकूड सहज खात चालली होती. त्याने त्या जबड्यासारखे वाकडे दात असलेली साखळी तळघरात बनवली, १९४७ मध्ये विकायला काढली. आजच्या साखळ्यांचे दात बहुतेक त्याच घडणीचे.

तर साखळीला धार लावायची ती गोल कानशीने. दाताच्या मापाप्रमाणे चार ते साडेपाच मिलिमीटर जाडीची कानस, कोन साधारण तीस अंश, नेमका साखळीच्या खोक्यावर लिहिलेला असतो. कानस पुढे जाताना दाबायची, मागे येताना उचलायची, प्रत्येक दाताला मोजून सारखे हात. एका बाजूचे दात जास्त घासले गेले की काप वाकडा जातो. आणि प्रत्येक दाताच्या पुढे जो ठोकळा असतो, तो दातापेक्षा किंचित खाली हवा, बऱ्याच साखळ्यांत पंचवीस थाऊ, म्हणजे इंचाचे पंचवीस हजारांश. 'थाऊ' हा शब्द ऐकला की तुमचे हे खुर्चीत सरसावून बसतील, बघा. बऱ्याच हौशी लाकूडतोड्यांना हा ठोकळा असतो हेच माहीत नसतं, मग ते बोथट साखळी जोर लावून दाबतात आणि अपघात तिथेच होतात. धार नीट आहे का, हे भुशावरून कळतं. कपचे उडाले तर धार आहे, पीठ पडलं तर गेली.

हे काम घरात, टेबलाला व्हाइस लावून, पट्टी आणि साखळी मशीनपासून सोडवून करायचं. पेट्रोल भरलेली मशीन स्टोव्हच्या खोलीत आणायची नाही, एवढं बघा. पहाटे पाचला त्यांना जाग येतेच, तेव्हा रात्रीचे निखारे पुढे ओढून दोन ढलप्या टाकायचं कामही त्यांच्याकडे द्या. मशीन न चालवताही घरातल्या आगीचा कारभार त्यांच्याकडे राहील. कानशी इथून नेऊ नका, तिकडे मिळतात. हातातल्या बॅगेत तर अजिबात नको, विमानतळावर काढून घेतील आणि मग प्रवासभर तुम्हाला ऐकावं लागेल.

वांग्याचं सांगायचं राहिलं. भाजता येतं, पण ज्वाळेवर दार उघडं ठेवून नाही. सकाळी नुसते निखारे उरलेले असतात, तेव्हा वांग्याला टोचे मारून तेल लावायचं, जाड फॉइलमध्ये दोनदा गुंडाळायचं, निखाऱ्यांच्या कडेला ठेवून दार लावून घ्यायचं. अर्धवट झाल्यावर चिमट्याने एकदा फिरवायचं. तिकडची वांगी मोठी असतात, त्यांना अर्धा तास तरी द्या. स्टोव्हचा वरचा भाग चांगला तापलेला असेल तर त्यावर बिडाचा तवा ठेवून भाकरीही होते, गॅसपेक्षा सावकाश. भोगीला तुम्ही तिथेच असाल. बाजरीचं पीठ तिकडच्या भारतीय दुकानात मिळतं, पांढरे तीळ मात्र इथून घेऊन जा. यादीत ते नाहीत.